पोत्यापेक्षा हलकी होडी

मी होडी निवडली तेव्हा मला पोहता येत नव्हतं. माझं गाव जामसर. आमच्याकडे पाणी म्हणजे पावसाळ्यात भातखाचरात घोट्याएवढं आणि ओहोळात गुडघ्याएवढं. त्यापेक्षा खोल पाणी मी नोकरीला लागेपर्यंत पाहिलंच नव्हतं. आणि नेमकी माझी नेमणूक झाली ती धरणाच्या पाण्याकाठी.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं, आमचा जिल्हा अजून ठाणेच होता. मोखाडा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी आरोग्यसेविका म्हणून रुजू झाले. लोक सरळ 'नर्सबाय' म्हणायचे. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावरून खाली पाहिलं की धरणाचा फुगवटा. आमच्या बाजूला हे पाणी दोन फाट्यांनी डोंगरात शिरलं होतं आणि दोन फाट्यांच्या मधे डोंगराची एक लांबट सोंड होती. सोंडेच्या अलीकडे एक पाणी, पलीकडे दुसरं, आणि त्या दुसऱ्या पाण्याच्या पल्याड माझे चार पाडे.

पायवाटेनं जायचं तर सगळा फुगवटा वळसा घालून, दोन चढ चढून जावं लागे. सकाळी निघालं तर पोचेपर्यंत दुपार कलायची. लसीच्या पेटीतल्या बर्फाचं तोवर पाणी झालेलं असायचं. म्हणून मी पाण्यावरूनच जायची. पहिल्या पाण्यावर मासेमारी करणाऱ्यांची एक जुनी लाकडी डोंगी होती, एकाच खोडातून कोरून काढलेली. ती आम्हाला सोंडेपर्यंत सोडायची. मग सोंड चढून उतरायची आणि दुसऱ्या पाण्यावर काहीच नाही. चार बांबू बांधून, खाली ट्रकच्या ट्यूब लावून पाड्यातल्या लोकांनी एक तराफा केला होता. त्यावर उकिडवं बसून पलीकडे जायचं.

माझ्याबरोबर नेहमी दाईमावशी असायची. चारही पाड्यांतल्या बायकांची बाळंतपणं तिच्याच हातून होत. पन्नाशीची, काटक, बुटकी, बोलायला फटकळ. सरकारनं तिला प्रशिक्षण देऊन एक पेटी दिली होती, ती पेटी डोक्यावर घेऊन ती चालायची आणि दोन्ही हात मोकळे सोडून बोलत राहायची. मी तिला मावशी म्हणायची, ती मला बाय.

एकदा थंडीच्या दिवसांत तराफा मधोमध असताना एक ट्यूब सुटली. तराफा एका अंगाला कलला आणि माझ्या मांडीवरची लसीची पेटी पाण्यात गेली. मी बांबूला घट्ट मिठी मारली. मावशीनं लुगड्याचा काष्टा खोवला, पाण्यात उडी घेतली आणि पेटी पकडून आणली. झाकण उघडलं होतं. लस वाया गेली. पलीकडच्या काठावर पोरांना घेऊन थांबलेल्या बायका आमच्याकडे बघत होत्या. त्यांना तसंच परत पाठवावं लागलं.

काठावर अंग पुसता पुसता मावशी म्हणाली, "पेटी तरंगली बाय. तू पडली असतीस तर तरंगली नसतीस."

"मग काय करायचं, मावशी?"

"होडी पायजे. आपली."

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना मी दुसऱ्याच दिवशी सगळं सांगितलं. डॉक्टर तरुण होते, विदर्भातले, बोलायला कमी आणि कामाला पक्के. ते म्हणाले, "सिस्टर, होडी कोणती घ्यायची ते तुम्ही ठरवा. बसणार तुम्ही आहात. मंजुरीच्या मागे मी लागतो." आणि खरंच ते मागे लागले. ग्रामपंचायतीनंही हातभार लावायचं कबूल केलं, म्हणून शाळेच्या पडवीत बैठक बसली.

बैठकीत सगळ्यांना मोठी होडी हवी होती. सरपंच म्हणाले, "घ्यायची तर चांगली दहा माणसांची घेऊ. सागाची. रेशनचं धान्यही येईल, पोरंही शाळेत येतील. पिढीभर टिकेल." बोलणं खोटं नव्हतं. पाच-सहा जणांनी माना हलवल्या. कोणी म्हणालं, दोन होड्या घ्या, दोन्ही पाण्यांवर एकेक. पण दोन होड्यांची मंजुरी येणार नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

मावशी पडवीच्या कडेला बसली होती. तिथूनच म्हणाली, "एकच होडी दोन पाण्यांवर चालवायची, तर ती सोंडेवरून उचलून न्यायला लागंल. उचलील कोण?"

"माणसं उचलतील," सरपंच म्हणाले.

"दिवाळी झाली का माणसं भट्टीवर जातात. वसईला, भिवंडीला. होळीला येतात. तवर गावात आमीच."

हे सगळ्यांना माहीत होतं. सरपंचांचे स्वतःचे दोन भाऊ वीटभट्टीवर होते. त्यांनी राग मानला नाही. उलट विचारलं, "मग तुमी बाया किती वजन उचलाल, ते सांगा. तेवढ्या वजनाची होडी बघू."

त्या प्रश्नानं सगळ्या गोष्टीला दिशा मिळाली. आम्हाला होडीतलं काही कळत नव्हतं. वजनातलं मात्र कळत होतं. मावशी तर आयुष्यभर हंडे, मोळ्या आणि भाताचे भारे वाहत आली होती. ती म्हणाली, "बघूनच सांगते." रेशन दुकानातून तांदळाचं एक भरलेलं पोतं मागवलं. पन्नास किलोचं. ते एका जाड बांबूला मधोमध दोरीनं बांधलं. बांबूचं एक टोक तिनं खांद्यावर घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"घे बाय. तुलाच न्यायची हाय."

मी जामसरची शेतकऱ्याची लेक. लहानपणी भाताचे भारे मीही वाहिले होते. पण नर्सिंगचं शिक्षण, मग वसतिगृह, मग नोकरी, यांत खांदे मऊ पडले होते. आणि इथं सगळी बैठक उठून बघायला आली होती. नाही कशी म्हणू? घेतलं खांद्यावर.

पोत्यासह डोंगीतून आम्ही सोंडेपाशी उतरलो, मागून बाकीचे लोक आले. चढ सुरू झाला तसं पोतं माझ्याकडे सरकायला लागलं, कारण मी मागे होते. अर्ध्या चढावर मी खाली पायांकडे बघत एकेक पाऊल टाकायला लागले. मावशी न वळता म्हणाली, "पाय नको बघू. माजी पाठ बघ." मी तिची पाठ बघत चालले. माथ्यावर वारा लागला, मग उतार, मग दुसरं पाणी. पोतं खाली ठेवलं तेव्हा माझ्या खांद्यावर बांबूचा लाल पट्टा उमटला होता आणि मला इतका आनंद झाला होता, की मी सरपंचांसमोर हसतच सुटले.

"एक पोतं," मावशीनं जाहीर केलं. "याच्यावर गुंजभर नाय."

सरपंच म्हणाले, "ठरलं मग. पोत्यापेक्षा जड होडी घ्यायची नाय."

आता अशी होडी शोधायची होती. मासेमारांची जुनी डोंगी आम्ही आधी उचलून पाहिली. चौघींनी मिळून तिचं एक टोक जेमतेम वर आलं. लाकूड वर्षानुवर्षं पाणी पिऊन फुगलं होतं. नवी केली तरी वर्षा-दोन वर्षांत तीही तशीच होईल, असं मासेमारांनीच सांगितलं. फळ्यांची केली तर हलकी होईल, पण उन्हात ठेवली की सांधे उघडतात. आणि आमची होडी तर फेरी नसेल तेव्हा काठावरच, म्हणजे वर्षातले निम्मे दिवस कोरड्यात राहणार. लाकूड बाद झालं. त्या डोंगीकडून एक गोष्ट मात्र घेतली, तिचा आकार. लांब, अरुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती. मावशीला तो पसंत होता. "तोंड फिरवायला नको. आपणच उलटं बसायचं."

डॉक्टरांनी फायबरच्या होड्यांचं नाव काढलं. समुद्राकाठी तेव्हा त्या नव्यानं दिसू लागल्या होत्या. मग एका सुट्टीच्या दिवशी मी आणि मावशी एसटीनं डहाणूच्या बाजूला गेलो. मावशीनं समुद्र पहिल्यांदाच पाहिला. वाळूवरून ती थेट लाटेपर्यंत चालत गेली. मग म्हणाली, "याला पलीकडचा काठच नाय. तिथं पाडे नसतील, तर कोण जातो पलीकडं?"

फायबरची होडी सुरेख होती. गुळगुळीत, पांढरी, आतून निळी. एक लहान होडी आम्ही दोघींनी सहज उचलली. मावशीनं बोटाच्या पेरानं ती वाजवून पाहिली, जसं मडकं घेताना वाजवतात तसं. मी तर मनात तिच्यावर शिक्कामोर्तब करून टाकलं होतं. होडीवाला कोळी भला माणूस होता. त्यानं विचारलं, "उतरवणार कुठं? वाळूवर का चिखलात?"

"कातळावर," मी म्हणाले. आमच्या सोंडेच्या दोन्ही अंगांना काळा कातळच होता.

त्यानं मान हलवली. "मग नका घेऊ, बाई. दगडावर रोज घासली तर चीर जाते. इथं फुटली तर आम्ही संध्याकाळपर्यंत जोडतो, जोडायचं औषध हाताशी असतं. तुमच्या डोंगरात कोण जोडणार?"

विकायला बसलेल्या माणसानं असं सांगितलं, म्हणून मला ते पटलं. तरी परतीच्या गाडीत मी खट्टू होऊन बसले होते. मावशी खिडकीतून बाहेर बघत सुकी मासळी मांडीवर सांभाळत होती. मधेच म्हणाली, "जी फुटत नाय अशी वस्तू आपल्या घरात कोणती? पत्र्याची पेटी. दोनदा छपरावरून पडली माजी. पोचा आला, फुटली नाय."

जव्हारला उतरल्यावर आम्ही तशाच बाजारात गेलो. तिथं पत्र्याचं काम करणारे एक चाचा होते. सगळं गाव त्यांना चाचाच म्हणे. पेट्या, धान्याच्या कोठ्या, छपराच्या पन्हळी, दुधाच्या बरण्या, सगळं ते करत. माझ्या लग्नातली पेटीही त्यांच्याच हातची. मी म्हणाले, "चाचा, होडी कराल का?"

त्यांनी हातोडी खाली ठेवली. "सिस्टरबाई, मैं तर कधी होडीत बसलो पण नाही."

"मी बसलेय. पण मला करता येत नाही."

ते हसले आणि दुकानाच्या फरशीवर खडूनं आकार काढायला लागले. मावशी त्यांच्या शेजारी उकिडवी बसली आणि खडू हातात घेऊन तिनं त्यांची रेघ पुसून दुसरी काढली. "इतकं रुंद नको. दोन बाया पुढंमागं, मधी पेटी नायतर एक बाळंतीण. बस." मग तिनं आणखी एक गोष्ट सांगितली, जी माझ्या डोक्यातच आली नव्हती. होडी खांद्यावरून न्यायची नाही, उलटी करून डोक्यावरून न्यायची. बायकांची सवय डोक्यावरच्या ओझ्याची. म्हणून बसायच्या दोन आडव्या फळ्या अशा जागी पाहिजेत, की होडी उलटी केली की त्या बरोबर दोघींच्या डोक्यावरच्या चुंबळीवर टेकतील. हे दाखवायला ती दुकानात उठून चालून दाखवू लागली. चाचांनी सुतळीनं तिच्या डोक्यापासून माझ्या डोक्यापर्यंतचं अंतर मोजून घेतलं. बाजारातले लोक थांबून बघत होते.

चाचांनी पहिली होडी जस्ती पत्र्याची केली. कथलानं झाळून, सांधे दाबून, अगदी नीट. चकचकीत दिसत होती. पण चाचांनाच शंका आली, म्हणून निरोप धाडला, पोतं घेऊन या. बाजाराच्या टोकाला लाकडाची वखार होती आणि तिथं टांगता मोठा काटा होता. एका बाजूला होडी दोरांनी टांगली, दुसऱ्या पारड्यात तांदळाचं पोतं. काटा सोडला तशी होडी धपकन खाली आली आणि पोतं वर जाऊन झुलत राहिलं.

मी म्हणाले, "थोडीशीच जड असेल, चाचा. चालेल."

"नाही चालणार," चाचा म्हणाले. "पोतं ठरलं म्हणजे पोतं. तुम्ही चढावर याद करताल मला."

ती होडी फुकट गेली नाही. पोशेऱ्याच्या एका शेतकऱ्यानं ती बैलांना पाणी पाजायला नेली आणि नंतर भेटला तेव्हा मला म्हणाला, असली डोणी सगळ्या गावात कोणाकडे नाही.

पुढचे काही आठवडे चाचांकडून काहीच कळलं नाही. मला वाटलं, त्यांनी नाद सोडला. मग एक दिवस जव्हारच्या एसटी आगारासमोरून जाताना चाचा मला आतून येताना दिसले. हात काळे झालेले. मला पाहून म्हणाले, "मिल गया!" आगारात कुठल्याशा झाडाला घासून आलेली एक गाडी दुरुस्तीला उभी होती. तिच्या अंगाचा पत्रा फाटला होता, तो काढून नवा लावत होते. चाचांनी तो फाटका तुकडा सहज उचलला आणि तो त्यांच्या हाताला लागलाच नाही, इतका हलका. ॲल्युमिनियम. जस्ती पत्र्याच्या तिसऱ्या हिश्श्याचं वजन. पण तो झाळता येत नाही, रिव्हेट मारून जोडावा लागतो, आणि चाचांनी आयुष्यभर झाळकाम केलेलं. म्हणून आगारातल्या फिटरकडून ते रोज दुपारी रिव्हेट मारायला शिकत होते. साठीच्या वयात.

"तुम्ही शिकताय, चाचा?"

"क्यों नहीं? तुम्ही वल्हवायला शिकणारच ना?"

ते मात्र मी अजून सुरूच केलं नव्हतं. 

दुसरी होडी झाली. रिव्हेटच्या ओळी तिच्या अंगावर शिवणीसारख्या गेल्या होत्या. जव्हारजवळच्या तळ्यात सोडून पाहिली तर रिव्हेटच्या भोकांतून पाणी झिरपायला लागलं. चाचांनी सगळे सांधे पुन्हा उघडले, डांबरात भिजवलेली सुतळी पत्र्यांच्या मधे घातली आणि पुन्हा ठोकले. आतून लाकडाच्या पातळ पट्ट्यांच्या बरगड्या दिल्या, दोन आडव्या फळ्या बसवल्या. बाहेरून लाल रंग लावला, कारण फिटरकडे तोच उरला होता. आता पाणी आत येईना.

पुन्हा वखार. पुन्हा काटा. या वेळी बाजारातली निम्मी माणसं जमली होती. होडी टांगली, पोतं ठेवलं. वखारवाल्यानं काटा धरून ठेवला होता, तो सोडला. पोतं खाली गेलं. नुसतं गेलं नाही, टेकलं. लाल होडी आमच्या डोक्यांच्या वर हवेत झुलत राहिली. चाचांनी टोपी काढून पुन्हा घातली. मावशीनं दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि सगळ्या बाजाराकडे असं पाहिलं, जणू होडी तिनंच जन्माला घातली.

जीपच्या टपावर बांधून ती मोखाड्याकडे निघाली. वाटेत पोरं जीपमागे धावत होती. गावात पोचली तेव्हा तिचा लाल रंग आणि रिव्हेट बघून एक म्हातारी म्हणाली, "ही तर यष्टी." तेच नाव पडलं. त्या दिवसापासून ती यष्टी.

आता मला शिकायचं होतं. काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात मावशीनं मला पुढे बसवलं. हलकी होडी हलकी असते तशी चंचलही असते. मी वल्हं पाण्यात घातलं, जोर लावला आणि एका बाजूला वाकले. पुढच्या क्षणी आम्ही दोघी पाण्यात आणि यष्टी शेजारी पालथी. काठावर हशा पिकला. मी घाबरून उभी राहिले, तर पाणी कमरेएवढंच. मीही हसायला लागले.

"जोर नको करू," मावशी म्हणाली. "वरण ढवळतेस ना, तसं ढवळ. आन ढुंगण जाग्यावर ठेव."

मी ते ऐकलं. रोज दुपारी दवाखाना आटोपला की मी पाण्यावर जायची. हळूहळू होडी सरळ जायला लागली, मग वळायला लागली. आणि सोबतच मी पोहायलाही शिकले, मावशीच्या नातींबरोबर, त्याच काठावर. त्या मुली मला हसायच्या आणि मग स्वतःच हात धरून खोल पाण्यात न्यायच्या.

आणि मग पोलिओच्या डोसाचा रविवार आला.

तालुक्याला सकाळीच पेट्या वाटल्या. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, पलीकडचे पाडे जमतील तेवढे करा. राहिले तर उद्या-परवा घरोघर जाऊ."  मी पेटी घेतली आणि जीपनं गावात आले. काठावर यष्टी तयार होती. मावशी पुढच्या फळीवर, मी मागच्या, पेटी मधे ओल्या गोणपाटाखाली. थंडीची सकाळ, पाण्यावर वाफ. पहिलं पाणी आम्ही असं कापलं, की डोंगीवाले मासेमार जाळी ओढायची थांबवून बघत राहिले.

सोंडेला लागलो. पेटी मी काखेला लावली. मग होडी उलटी केली, डोक्यावर चुंबळ, आणि उचलली. पुढे मावशी बुटकी, मागे मी उंच, म्हणून चढावर होडी बरोबर आडवी राहायची. तिनं सुचवलेल्या फळ्या नेमक्या चुंबळींवर टेकल्या होत्या. आत उलट्या होडीखाली आमचे आवाज घुमत होते. बाहेरून बघणाऱ्याला चार पायांचं लाल जनावर डोंगर चढताना दिसलं असेल. माथ्यावर आम्ही विसावायला थांबणार होतो. पण मावशी म्हणाली, "थांबायचं काय?" आणि मी म्हणाले, "कशाला?" आणि आम्ही तशाच उतरलो.

दुसऱ्या काठावर बायका होत्या. तराफ्याच्या दिवशी जिथून परत गेल्या होत्या तिथंच, पोरं काखेत. आमची होडी टेकायच्या आत कोणीतरी पुढे येऊन ती धरली. मी पेटी उघडली. बर्फ तसाच्या तसा, टणक. कुपीवरचा छोटा चौकोन पांढरा होता, म्हणजे लस उत्तम. पहिल्या पोरीच्या तोंडात मी दोन थेंब घातले तेव्हा तिनं तोंड वाकडं केलं आणि सगळ्या बायका हसल्या.

पहिला पाडा झाला, दुसरा झाला. तिसऱ्या पाड्यात सकाळचा चहा मिळाला. चौथा पाडा उंचावर, तिथं होडी काठावर ठेवून आम्ही चढलो. तिथून पलीकडे सूर्यमाळच्या बाजूचे डोंगर दिसत होते, सगळे उन्हात न्हालेले. शेवटचं मूल एका गव्हाणीच्या मागे लपून बसलं होतं. मावशीनं त्याला उचलून आणलं, त्यानं तिच्या दंडाला चावा घेतला, आणि तरी थेंब तोंडात गेलेच. चारही पाडे पूर्ण झाले. ऊन अजून माथ्यावरही आलं नव्हतं.

दुपारी मी केंद्रावर परतले तेव्हा डॉक्टर जेवायला बसत होते. त्यांना वाटलं, काही अडचण आली म्हणून मी परत आले. त्यांनी उठून विचारलं, "काय झालं, सिस्टर?"

"संपलं, सर."

"लस संपली?"

"पाडे संपले. लस उरलीय."

त्यांनी पेटी घेऊन झाकण उघडलं, बर्फाचा डबा कानाशी नेऊन हलवला. आत बर्फ अजून खडखडत होता. ते एकदम हसले, मी त्यांना पहिल्यांदाच इतकं मोठ्यानं हसताना ऐकलं. मग त्यांनी आपल्या डब्यातली भाकरी अर्धी मोडून माझ्यापुढे केली.

चाचा आले ते त्यानंतर काही दिवसांनी, स्वतःचं काम स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. कोट घालून आले होते. होडीत बसायला तयार होईनात. मावशीनं त्यांच्यापुढे हात केला आणि म्हणाली, "चाचा, तुमची हाय. बसा." ते बसले, दोन्ही काठ मुठीत पकडून. मी वल्हवायला घेतलं. मध्यावर गेल्यावर त्यांनी एक मूठ सोडली, मग दुसरी. मग वाकून एका रिव्हेटवर बोट फिरवलं, कोरडं आहे का ते पाहायला. कोरडं होतं.

पुढल्या वर्षी फुगवट्याच्या दुसऱ्या अंगाच्या गावातून चाचांकडे आणखी मागण्या आल्या. त्यांनी त्या केल्या, आणि प्रत्येक होडी वखारीच्या काट्यावर चढवूनच दिली. सरपंचांची मोठी सागाची होडीही कालांतरानं आली, पहिल्या पाण्यावर रेशन आणायला. तिचंही कौतुक झालं. पण सोंडेवरून जायचं असलं की सगळे यष्टीच मागत.

त्याआधी, यष्टीच्या पहिल्याच होळीच्या सुमाराला भट्टीवरून माणसं परतली आणि माझी आई जामसरहून मला भेटायला आली. नाकाच्या शेंड्यापर्यंत पदर ओढून ती काठावर उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा एवढं पाणी पाहत होती. मी तिला यष्टीत मधे बसवलं आणि मावशी पुढे बसली. निघाल्यावर आई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. मधोमध गेल्यावर तिनं डोळे उघडले. दोन्ही अंगांना डोंगर, वर आभाळ, खाली तेच आभाळ. मागून माझ्या वल्ह्याचा आवाज येत होता. तिनं पदर मागे सारला, वळून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दे गं ते माझ्याकडे. बघू तरी."

मी वल्हं तिच्या हातात दिलं. तिनं ते पाण्यात घातलं आणि होडी गर्रकन वळली. मावशी पुढून ओरडली, "ओ बाय! सरळ!" आणि आई मोठ्यानं हसत दुसऱ्यांदा वल्हं पाण्यात घालत होती.